हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस: सोमवार की शनिवार? सही करू की नको?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेला, पॉटर काउंटीत, रूट ६ च्या कडेला छोटं मोटेल चालवतो. १६ खोल्या, मी, माझे यजमान आणि खोल्या आवरायला येणारी एक बाई. २१ वर्षं झाली. माहेर कराडचं.

गेल्या मंगळवारी शेजारचे हार्डवेअरवाले एक कागद घेऊन आले. हरणाच्या शिकारीचा मोसम पूर्वीसारखा सोमवारी सुरू करा, अशी मागणी आहे. रस्त्यावरच्या बहुतेक दुकानदारांच्या सह्या झाल्यात, माझी बाकी आहे. कागद काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि माझं मन काही ठरत नाही, म्हणून इथे विचारते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या राज्यात रायफलने हरणाची शिकार १९६३ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या (हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो) सोमवारी सुरू व्हायची. २०१९ मध्ये गेम कमिशनने, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या खात्याने, ती दोन दिवस अलीकडे, शनिवारी आणली. त्या वर्षी मधला रविवार बंदच होता, कारण रविवारी शिकार नाही हा इथला फार जुना कायदा. २०२० पासून त्या पहिल्या आठवड्याचा रविवारही खुला झाला आणि २०२५ मध्ये तो जुना कायदाच उठला.

बाहेरच्याला वाटेल, दोन दिवसांनी काय फरक पडतो? मला पडलेला दिसतो. सोमवार होता तेव्हा लोक शुक्रवारी रात्री यायचे ते मंगळवारी सकाळी जायचे. चार रात्री, सोळाच्या सोळा खोल्या, आणि निघतानाच पुढच्या वर्षाचं बुकिंग. पण पैशापेक्षा मला आठवतो तो आदला रविवार. त्या दिवशी कुणी बंदूक उचलायची नाही, त्यामुळे सगळे मोकळे असायचे. सकाळी चर्चच्या तळघरात पॅनकेक, मग हार्डवेअरच्या दुकानात गोळ्या, दोर, हातमोजे, आणि दुपारी आमच्या पार्किंगमध्ये मागचा फळा उघडलेल्या पिकअप गाड्यांभोवती गप्पा. नारिंगी जाकिटं आठवडाभर बाहेर वाऱ्यावर टांगायची, म्हणजे साबणाचा वास हरणाला येत नाही. खोलीच्या हिटरसमोर बुटांच्या रांगा. ७ नंबरच्या खोलीत फिलाडेल्फियाकडचे दोन भाऊ १४ वर्षं यायचे. धाकटा नकाशा पलंगावर पसरून बसायचा आणि थोरला त्याला दर वर्षी तीच एक वाट दाखवायचा. मी पहाटे साडेतीनला कॉफी लावायचे. चार वाजता सगळ्या खोल्यांचे दिवे लागलेले असायचे. आमच्याकडे पंढरीच्या वाटेवर दिंडी मुक्काम करते ना, तिच्या पहाटेची मला आठवण यायची.

आता लोक गुरुवारी घरी टर्की जेवतात, शुक्रवारी दिवसभर गाडी चालवून अंधारात पोचतात, किल्ली घेतात आणि झोपतात. शनिवारी शिकार, रविवारी दुपारी परत. बरेच जण रविवारीही जंगलातच असतात. भेट अशी होतच नाही.

मग सही का नाही केली? आमच्याकडे येणाऱ्या त्या बाईमुळे. तिचा नवरा लाकडाच्या गिरणीत आहे. सोमवारची रजा मागितली तर मिळायची नाही, आणि न सांगता राहिला तर पगार जायचा. शनिवार झाल्यावर पहिल्यांदा तो लेकीला घेऊन गेला. ती तेव्हा १२ वर्षांची, म्हणजे लायसन्स मिळण्याच्या वयाची नुकती झालेली. तिला त्या दिवशी हरीण मिळालं. बाईने फोन आणून फोटो दाखवला, हात थरथरत होते. हे सगळं डोळ्यांसमोर असताना सोमवारसाठी सही कशी करू?

तुम्हाला काय वाटतं? इथे राहणाऱ्यांनी तर जरूर सांगा.

पिट्सबर्गकर:
ताई, सही करू नका. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. एका सहकाऱ्यामुळे पाच वर्षांपूर्वी शिकायला लागलो, रीतसर कोर्स केला. माझ्यासारखा, ज्याचा बाप शिकारी नाही आणि ज्याचा डोंगरात कॅम्प नाही, तो सोमवारी आलाच नसता. १९८० च्या सुमारास या राज्यात १३ लाखांच्या आसपास लायसन्स विकली जायची, आता ९ लाखांच्याही खाली आलीत. वन्यप्राण्यांच्या देखभालीचा बराच पैसा या लायसन्समधून येतो. तरुणांना सुटीच मिळत नसेल तर ते येणार कुठून?

आणि एक सांगा, आपलं मंडळ गणपती चतुर्थीला बसवतं का? जवळच्या शनिवारी बसवतं. देव रागावला नाही, उलट लोक जास्त येतात.

मिशिगनमामा:
आमच्याकडे हा वादच नाही. १५ नोव्हेंबर म्हणजे १५ नोव्हेंबर, मग वार कोणताही असो. मंगळवारी आला तर मंगळवारी. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर आलं की कारखान्यातले लोक आधी ती तारीख बघून रजा टाकतात. सणासारखीच तारीख आहे ती, आणि तिचा मान राहिला तो ती हलवली नाही म्हणून. दर काही वर्षांनी १५ तारीख आपोआप शनिवार-रविवारी येते, तेव्हा नोकरदारांचीही सोय होते. माझं मत विचाराल तर वाराऐवजी तारीख धरा, भांडण मिटेल.

लँकेस्टरची वहिनी:
मला हा प्रश्नच कळत नाही. बिचाऱ्या हरणांना मारायला कोणता वार चांगला, यावर आपण मराठी माणसांनी चर्चा करायची? आपल्याकडे भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळं बंद झालं ते बरंच झालं. कृष्णाकाठ ताई, तुमच्याबद्दल राग नाही, पण मला वाईट वाटलं.

कृष्णाकाठ:
वहिनी, तुमचं वाईट वाटणं मी समजू शकते. पहिल्या वर्षी पार्किंगमध्ये गाडीच्या मागे पडलेलं हरीण बघून मी आत जाऊन रडले होते. माळकरी घरातली आहे मी, आजही मांस खात नाही.

पण इथे राहून दुसरी बाजूही पाहिली. या डोंगरात लांडगे नाहीत, पहाडी सिंह नाहीत, ते केव्हाच संपवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरणंही इतकी संपली होती की बाहेरच्या राज्यांतून आणून सोडावी लागली. मग ती वाढली, आणि अशी वाढली की जंगलात रोप उगवलं की खाऊन साफ. आमच्यामागच्या रानात वन खात्याने एका तुकड्याला उंच तारेचं कुंपण घातलंय. आत मेपल आणि ओकची रोपं माझ्या खांद्याला लागतात, कुंपणाबाहेर नुसतं नेचं. तारेला हात लावून उभं राहिलं की दोन्हीकडचं एका नजरेत दिसतं. भारतातला कायदा तिथल्या गरजेने आला आणि तो हवाच. इथली गरज वेगळी आहे. शिवाय जे मांस घरात लागत नाही ते पुष्कळ लोक अन्नपेढीला देतात, त्याची राज्यभर व्यवस्था आहे. आमच्या गावात हिवाळ्यात त्यावर जेवणारी घरं आहेत, मला ती माहीत आहेत.

हॅरिसबर्ग_दादा:
मी इथे २६ वर्षं शिकार करतोय, दोन्ही पद्धती पाहिल्यात. जंगलातली एक गोष्ट सांगतो. सोमवारी एकाच वेळी लाखो माणसं रानात शिरायची. माणसाच्या हालचालीने हरीण दिवसभर उठत राहायचं, तुम्ही एका झाडाला टेकून बसलात तरी ते तुमच्यापर्यंत यायचं. आता गर्दी शनिवार आणि रविवारात वाटली जाते आणि सोमवारी रान रिकामं. जे निवृत्त झालेत त्यांना हे रिकामं रान आवडतं, मला नाही आवडत.

सोमवारी गावाकडच्या शाळा बंद असायच्या, बऱ्याच आजही असतात. शाळेनेच सुटी दिली की पोराला कळतं, हे फक्त आपल्या बापाचं वेड नाही. रविवारबद्दल एक सूचना नव्या लोकांसाठी: खाजगी जमिनीवर रविवारी शिकार करायची तर मालकाची लेखी परवानगी लागते, तोंडी चालत नाही. पिट्सबर्गकर, तुमच्याकडे असेलच, पण सोबत्यांना सांगा. आणि नारिंगी कपडा डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच, चारही बाजूंनी दिसला पाहिजे. यात हयगय नको.

ताई, मी असतो तर सही केली असती. त्या गिरणीवाल्या माणसाचा प्रश्न रजेचा आहे, वाराचा नाही. मालकांनी एक दिवस द्यायला हवा.

पिट्सबर्गकर:
दादा, मालकांनी द्यायला हवा हे खरं, पण देत नाहीत. तोवर त्या पोरीने थांबायचं?

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस विचार करत होते.

गणपतीचं वाक्य वाचलं तेव्हा आधी टोचलं. आमच्या घरी गणपती चतुर्थीलाच बसतो, मग तो मंगळवार असो की बुधवार. यजमान सकाळी साडेपाचला उठून पूजा करतात आणि मग काउंटर उघडतो. पण खरं सांगायचं तर माझ्या मुलांना आरती पाठ झाली ती दोनशे मैलांवरच्या मंडळाच्या शनिवारच्या कार्यक्रमात, शंभर लोकांबरोबर टाळ्या वाजवत. घरात आम्ही चौघं होतो, तिथे आवाज होता. घरची चतुर्थी मी सोडणार नाही, पण शनिवार नसता तर पोरांच्या हाती काही लागलं नसतं.

मिशिगनमामा, तारखेचं मला फार पटलं. पण इथे थँक्सगिव्हिंगशी जोडलेलं आहे, ते सुटेल असं वाटत नाही.

काल ७ नंबरच्या थोरल्या भावाला फोन केला. ते २०२० नंतर आलेच नाहीत, आणि मी इतकी वर्षं मनात धरून बसले होते की शनिवार झाल्यामुळे त्यांनी येणं सोडलं. दुकानदारांना मी तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले, वाराचं काही नव्हतं. धाकट्याचे दोन्ही गुडघे गेले, त्याला चढ चढवत नाही, आणि त्याच्याशिवाय मला जायचं नाही. नकाशा अजून त्याच्याकडे आहे म्हणाले. मग आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो.

कागद आज सही न करता परत दिला. हार्डवेअरवाल्यांना कारण सांगितलं, त्या मुलीचंही सांगितलं. वाटलं होतं, वाईट वाटून घेतील. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, शुक्रवारी लोक पोचले की कुठे बसतील, तुमची पुढची खोली उघडाल का? उघडेन म्हटलं. आदला रविवार गेला, पण आदला शुक्रवार आहे. चर्चवाल्या बायकांशीही बोलले आहे. त्या सूप आणतील, मी मोठ्या पातेल्यात राजमा करणार आहे, तिखट बेताचं. गोळ्या, दोर, हातमोजे ते टेबलावर मांडून ठेवतील, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना दुकान बंद मिळणार नाही. दादा, तुमची बाजू मला पटते, तुम्ही या आणि पोरांना रान कसं वाचायचं ते सांगा. ७ नंबरची खोली रिकामी आहे.

पिट्सबर्गकर, तुम्हीही येणार असाल तर शुक्रवारी चारच्या आत पोचा. पाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि शेवटच्या वीस मैलांत हरणं रस्त्यावर असतात.