अरगॉन पोटॅशियमपेक्षा जड का?

अणुअंक (म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या) वाढला की अणुवस्तुमानही वाढतेच, त्यामुळे आवर्तसारणी कोणत्याही आकड्यावरून लावली तरी क्रम तोच येईल, हे नेहमी ऐकू येणारे मत बहुतांशी बरोबर असले तरी पूर्ण खरे नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या चौकटीत अरगॉन आहे: अणुअंक १८, अणुवस्तुमान ३९.९५, आणि त्याखालची ओळ ज्याने सुरू होते त्या पोटॅशियमचा अणुअंक १९, पण अणुवस्तुमान ३९.१०. वस्तुमानाने क्रम लावला, तर पोटॅशियमसारखा पाण्यात टाकताच पेट घेणारा धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसेल. केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या हाच खरा क्रम, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले.

मला यातील सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. अणुवस्तुमान ही समस्थानिकांची (प्रोटॉन सारखेच, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या एकाच मूलद्रव्याच्या अणूंची), त्यांच्या प्रमाणानुसार काढलेली सरासरी असते, आणि पृथ्वीवरील ९९ टक्क्यांहून अधिक अरगॉन हा अरगॉन-४० आहे. तो आला कुठून? खडकांतील पोटॅशियम-४० च्या काही अणूंमध्ये केंद्रक त्याच अणूतील एक इलेक्ट्रॉन ओढून घेते, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, अणुअंक १९ वरून १८ वर येतो आणि ४० हा वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) मात्र तसाच राहतो. या पोटॅशियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. म्हणजे शेजाऱ्यापेक्षा जड ठरलेला हा अरगॉन बव्हंशी त्या शेजाऱ्यापासूनच जन्मलेला आहे; सूर्यात मात्र हलका अरगॉन-३६ च अधिक आढळतो.