परदेशात राहून स्पॅनिश शिकताना: तुमचे अनुभव सांगा

सांजवात
काल लेकीने वही पुढे केली. "आई, 'मे गुस्ता' मध्ये 'मी' कुठे गेला?" म्हटलं, अगं, 'मला आवडतं' म्हण ना! आवडणारी वस्तू कर्ता, आपण नुसते 'मला'. तिला लगेच कळलं आणि मी मात्र थेट स्पेनमधल्या सालामांकाच्या वर्गात जाऊन बसले. २००९चा ऑक्टोबर. वर्गातली जर्मन, अमेरिकन मुलं या 'गुस्तार'शी आठवडाभर झगडत होती आणि मला तो पहिल्याच दिवशी घरचा वाटला होता. त द चे उच्चारही आपलेच.

बाकी सगळं परकं. आपलं एकच 'आहे', त्यांचे दोन: सेर आणि एस्तार. जेवण रात्री साडेनऊला, माझ्या पोटात सातपासून कावळे. घरमालकीण सत्तरीच्या, एकट्या. एका पावसाळी रविवारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हटलं, "सोय अबुरीदा." त्या बटाटे सोलत होत्या. सुरी ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि माझे दोन्ही गाल धरून म्हणाल्या, "नो, इखा. एस्तास." तू कंटाळवाणी नाहीस ग बाई, तुला कंटाळा आलाय. सेर आणि एस्तारमधला फरक मला त्या ओल्या हातांनी शिकवला, पुस्तकाने नाही. मग खूप रडले.

तिथलं विद्यापीठ १२१८चं. दर्शनी भिंतीच्या नक्षीत कवटीवर बसलेला एक बेडूक आहे, तो दिसला की परीक्षेत पास होतो म्हणतात. मला तिसऱ्या दिवशी दिसला. संध्याकाळी तो पिवळा दगड उन्हात मधासारखा दिसतो, आणि भेटायचं ठिकाण सगळ्यांचं एकच: प्लाझा मायोरच्या घड्याळाखाली.

तुमचंही लिहा ना. मला सगळं वाचायचंय.

उनाडपाखरू
पटकन लिहिते, कुकर लावलाय. रांग!! वालेन्सियाच्या बाजारात रांग दिसतच नाही, सगळे वाट्टेल तिथे उभे. वीस मिनिटं उभी होते, सगळे माझ्या पुढून सामान घेऊन गेले. मग एका आजींनी सांगितलं, आल्या आल्या विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?" शेवटचं कोण? तो माणूस लक्षात ठेवायचा, मग खुशाल बाकावर जाऊन बस. काही आठवड्यांनी एका काकांनी तोच प्रश्न विचारला आणि मी हात वर करून म्हटलं "यो". त्या दिवशी मी त्या गावची झाले.

शिट्टी झाली, जाते.

बोरूबहाद्दर
ग्रानादा, दोन वर्षं. सांजवातताई, तुमच्या सालामांकात निदान शब्द पूर्ण उच्चारतात हो! आमच्याकडे शेवटचा स गायब. 'मास ओ मेनोस' चं 'मा ओ मेनो'. पहिला महिना मला वाटायचं आपला वर्गच चुकला. मग रोज त्याच एका बारमध्ये बसायला लागलो, पेयाबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट मिळतो तिथे. मालक मुद्दाम सावकाश बोलायचा. शाकाहारी आहे सांगितलं तर म्हणे, मग हामोन (डुकराचं खारवलेलं मांस) देऊ? मांस नको म्हटलं तरी भाजीत हामोनचे तुकडे असायचे. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून' (मांस नको, हामोन नको, टूना मासा नको) असं एका दमात म्हणायला शिकलो.

चिंचगूळ
मी सप्टेंबरमध्ये माद्रिदला चाललेय, नऊ महिन्यांचा कोर्स. धागा वाचून धडधडायला लागलंय. तिथे गेल्यावर आधी काय करायचं कुणी सांगाल का?

बोरूबहाद्दर
@चिंचगूळ, घाबरू नकोस. आधी घर, मग नगरपालिकेत पत्त्याची नोंद, तिला एम्पाद्रोनामिएन्तो म्हणतात. सहा महिन्यांच्या वरचा व्हिसा आहे, म्हणजे पोहोचल्यापासून महिन्याभरात टीआयई, म्हणजे परदेशी माणसाच्या ओळखपत्रासाठी अर्ज. पोलिसांकडे बोटांचे ठसे देतात, त्याची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, तिला 'सीता प्रेविया' म्हणतात. ती मिळता मिळत नाही, सकाळी लवकर बघत राहा. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स. मी एक कागद विसरलो म्हणून परत पाठवलं होतं, त्या दिवशी फार एकटं वाटलं होतं.

चिंचगूळ
खूप आभार दादा 🙏 स्क्रीनशॉट काढला.

घारे_डोळे
मी मेक्सिको सिटीवाली. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, आमच्याकडे मक्याची पोळी, त्यामुळे माझं आणि बहिणीचं फोनवर कायम भलतंच चालायचं. पण मला आठवतात ते आवाज. भंगारवाल्याच्या गाडीवर एका लहान मुलीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, "से कोम्प्रान कोल्चोनेस..." गाद्या, फ्रिज, शेगड्या विकत घेतो. माझे पहिले पाठ झालेले शब्द हेच. रात्री रताळीवाल्याच्या गाडीची वाफेची शिट्टी, लांबलचक, गल्लीच्या टोकापासून येणारी. ती ऐकली की घर आठवून गळा दाटायचा. आता इथे परत आल्यावर तीच शिट्टी आठवून दाटतो.

उनाडपाखरू
आले परत. @घारे_डोळे, अगं गळा दाटला माझाही. बाय द वे, तोर्तियात कांदा घालायचा की नाही? यावर स्पेनमध्ये लोक खरोखर भांडतात.

घारे_डोळे
कांदा हवाच!

बोरूबहाद्दर
कांदा. आणि बटाटा मंद आचेवर, घाई नाही.

वाटेवरचा
कांद्याशिवाय. माझ्या सासूबाई कास्तियाच्या आहेत, त्यांच्यासमोर कांदा म्हणायची माझी टाप नाही.
विषयावर येतो. आमच्या जुन्या इमारतीत लिफ्ट नव्हती, गॅसची पाइपलाइन नव्हती. १२.५ किलोचे नारिंगी सिलिंडर घेऊन माणूस यायचा, तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरून. मला त्याच्याशी बोलायचं धाडस होत नव्हतं, नुसते पैसे द्यायचो. एकदा त्याला पाणी दिलं. तो तिथेच पायरीवर बसला आणि दहा मिनिटं मुलाच्या शाळेबद्दल बोलला. निम्मं कळलं नाही, पण दर वेळी थोडं जास्त कळायला लागलं. वर्षाअखेर देले, म्हणजे स्पॅनिशची परीक्षा, बी२ पातळीची दिली, ऐकण्याच्या भागात मला भीती वाटलीच नाही. ते प्रमाणपत्र कायमचं असतं, पण मला त्या पायऱ्या जास्त आठवतात.

सांजवात
सगळं वाचलं, दोनदा. @वाटेवरचा, ती पाण्याची गोष्ट लेकीला वाचून दाखवली.
@चिंचगूळ, रविवारी पोटात खड्डा पडतो, विशेषतः दुपारी गल्ली निजते तेव्हा. तेव्हा खोलीत बसू नकोस. रेतिरो बागेत जा, बाकावर एखाद्या आजीशेजारी बस, त्या आपणहून बोलतात. आणि जाड मोजे ने. माद्रिदची थंडी कोरडी असते, पायातून चढते.