अमेरिकेत मार्चमधे घड्याळ पुढे गेलं की लहान मूल, सासूबाईंच्या गोळ्या आणि इंडियाचे फोन कसे जमवता?

एडिसनकरीण:
इथे न्यू जर्सीत, एडिसनला, परत मार्चचा दुसरा रविवार झाला, रात्री दोनचे एकदम तीन. फोन आपले आपण बदलतात, पण ओव्हन, गाडी आणि हॉलमधलं घड्याळ मागेच, त्यामुळे घरात दोन दोन वेळा चालू. त्याचं मला काही नाही, स्टुलावर चढलं की काम झालं. त्रास माणसांचा आहे.
मुलगी साडेतीन वर्षांची, आठला झोपणारी. आता आठ म्हणजे तिच्या अंगाला सातच, ती टक्क जागी, साडेनऊपर्यंत गोष्टी सांगून माझा घसा बसतो, आणि सकाळी साडेसहाला उठवायचं तर बाहेर काळोख आणि ती अक्षरशः रडत रडत दूध पिते कारण डेकेअरची वेळ काही बदलत नाही ना.
त्यात सासूबाई सांगलीहून आल्यात. मनगटावरचं घड्याळ त्यांनी इंडियाच्या वेळेवरच ठेवलंय, त्यावर दुपारचे साडेचार म्हणजे इथले पहाटेचे सहा हे त्यांनी हिवाळ्यात पक्कं बसवलं होतं आणि त्यावरच थायरॉइडची गोळी, मग अर्ध्या-पाऊण तासानं चहा, मग बीपीची गोळी. आता साडेचार म्हणजे सात, म्हणजे गोळीपासून सगळं आमच्या निघायच्या गडबडीत येतं आणि चहा राहून जातो. त्यांच्या बहिणीचा फोन तिकडच्या संध्याकाळी सहाला येतो, तो आधी साडेसातला यायचा, आता साडेआठला, नेमकं दारातून बाहेर पडताना. बहिणीला वेळ बदल सांगायचं त्यांना जिवावर येतं, तिच्या घरची कामं त्यावर बेतलेली.
तर तुम्ही आधीपासून थोडं थोडं सरकवता की एकदम? आणि २०२२ मधे सेनेटनं हे बंद करायचं बिल पास केलं होतं ना, त्याचं काय झालं पुढे?

नेपरव्हिलचा बाबा:
एकदम अजिबात नको. आम्ही बुधवार-गुरुवारपासून पंधरा पंधरा मिनिटं अलीकडे घेतो, आणि फक्त झोप नाही, जेवण अंघोळ सगळंच, कारण पोटाला भूक सहाला लागत असेल तर झोप कशी आधी येईल. तुमचं तर होऊन गेलंय, तरी आतासुद्धा तसंच करा, रोज पंधरा मिनिटं. संध्याकाळी जेवण झालं की मोठे दिवे बंद, पडदे ओढलेले, टॅब नाही. सकाळी उलटं, उठल्या उठल्या सगळे दिवे लावायचे आणि उजाडलं की दूध खिडकीपाशी. सकाळचा उजेड डोळ्यावर पडला की रात्रीची झोप आपोआप अलीकडे येते. आठवडा धरून चाला. डेकेअरच्या बाईंना सांगून दुपारची झोप थोडी कमी करता आली तर बघा, आम्हाला त्याचा सगळ्यात जास्त फरक पडला.
सासूबाईंच्या गोळ्यांचं डॉक्टर नाहीतर फार्मासिस्टला एकदा विचाराच. दिवसातून एकदाच्या गोळीला तासभर इकडेतिकडे सहसा चालतं, पण इन्सुलिन वगैरे असेल तर अंदाजानं काही करू नका.

फिनिक्सवाला:
अ‍ॅरिझोनात आम्ही घड्याळ बदलतच नाही, इंडियाशी फरक बारा महिने साडेबारा तास, आईबाबांना एकदा सांगितलं ते कायमचं. कारण साधं आहे, ऊन. जूनमधे सूर्य इथे पावणेआठला मावळतो तेच नको होतं, घड्याळ पुढे केलं तर पावणेनऊपर्यंत भाजून काढेल, पोरांना खेळायला सोडायचं कधी? पण सुटका पूर्ण नाही. ऑफिस न्यूयॉर्कचं, हिवाळ्यात ते दोन तास पुढे, उन्हाळ्यात तीन, त्यामुळे माझी नऊची मीटिंग आठला येते. राज्याच्या उत्तर-पूर्वेला नवाहो नेशनमधे, म्हणजे नवाहो आदिवासींच्या प्रदेशात, घड्याळ बदलतात आणि त्यांच्या मधोमध असलेले होपी लोक बदलत नाहीत, त्या बाजूला फिरायला गेलात तर टूरची वेळ कुठल्या घड्याळानं ते फोन करून विचारा.

हिंजवडी नाइट:
पुण्यातून लिहितोय. घड्याळ तुमचं बदलतं आणि जेवण आमचं हलतं. तुमचे सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आमचे रात्रीचे साडेआठ, आता साडेसात, म्हणजे मार्चमधे आम्हाला घरच्यांबरोबर जेवायला मिळतं, नोव्हेंबरमधे परत ताट झाकून ठेवलेलं. कंपनीची कॅब मात्र लगेच बदलत नाही, पहिला आठवडा तासभर लवकर काम संपवून खाली उभे. आणि लंडनची टीम मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलते, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क-लंडन फरक पाचाऐवजी चार तास आणि एकावर एक कॉल.
एक कामाची गोष्ट सांगतो, दर आठवड्याची मीटिंग कॅलेंडरमधे टाकताना टाइम झोन बघून टाका. न्यूयॉर्कच्या झोनमधे टाकली तर तुमची वेळ तीच राहते आणि आमची सरकते, इंडियाच्या झोनमधे टाकली तर उलटं. फोनवर रोजचा कॉल लावायचा असेल तरी हेच. तुमच्या मावशींचा सहाचा फोन तिकडे पाचला झाला तर तुमच्याकडे परत साडेसात. एकदा विचारून बघा, माझ्या आईला पाच जास्त सोयीचे वाटतात, दिवेलागणीच्या आधी मोकळी असते.
आणि रात्री अडीचला चालणारी कामं सर्व्हरवर न्यूयॉर्कच्या वेळेनं लावू नका रे कोणी! मार्चमधे त्या रात्री अडीच वाजतच नाहीत आणि नोव्हेंबरमधे दीड दोनदा वाजतो. सगळं यूटीसीवर, म्हणजे कधीच न सरकणाऱ्या जागतिक वेळेवर ठेवा.

जुनं पान:
बिलाचं उत्तर. मार्च २०२२ मधे सेनेटनं एकमतानं पास केलं, पण हाउसनं, म्हणजे इथल्या संसदेच्या (काँग्रेसच्या) खालच्या सभागृहानं, ते मतदानालाच घेतलं नाही, तिथेच संपलं. त्यात कायम पुढची वेळ ठेवायची होती, आणि ती या देशानं एकदा करून बघितलीये. तेलटंचाईत जानेवारी १९७४ ला घड्याळं पुढे केली ती हिवाळ्यातही तशीच ठेवायची म्हणून, पोरं मिट्ट काळोखात शाळेला निघाली, काही रस्त्यावर गाड्यांखाली आली, लोकांचं मत काही महिन्यांत फिरलं आणि ऑक्टोबरला परत जुनं सुरू.
हे शेतकऱ्यांसाठी केलं असं जे सांगतात ते खोटं आहे. १९१८ मधे युद्धात इंधन वाचवायला आणलं आणि शेतकऱ्यांनीच सगळ्यात जास्त विरोध केला, गायीचं दूध आणि गवतावरचं दव घड्याळ बघत नाही. १९१९ मधे राष्ट्राध्यक्ष विल्सनचा व्हेटो मोडून काँग्रेसनं ते रद्द केलं. मग १९६६ च्या कायद्यानं ते देशभर एकसारखं झालं, आणि २००७ पासून पुढची वेळ मार्च ते नोव्हेंबर असते. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते ४५ घड्याळ तासभर पुढे होतं, युद्ध संपल्यावर काढून टाकलं.
माझं मत विचाराल तर कायम हिवाळ्याचीच वेळ ठेवावी. झोपेच्या डॉक्टरांची इथली संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन, तेच म्हणते. राज्यांना हे आजही करता येतं, हवाईनं केलंय. कायम पुढची वेळ ठेवायची तर मात्र काँग्रेसची परवानगी लागते.

सिअॅटलकर:
जुनं पान, तुमच्या इतिहासाशी भांडण नाही, पण मताशी आहे. इथे डिसेंबरमधे सव्वाचारला सूर्य मावळतो, शाळा सुटून पोरं घरी येईपर्यंत अंधार. आणि कायम हिवाळ्याची वेळ ठेवली तर जूनमधे पहाटे सव्वाचारला सूर्योदय, त्या उजेडाचं कोण काय करणार? आमच्या राज्यानं २०१९ मधे कायम पुढच्या वेळेचा कायदा करून ठेवलाय, काँग्रेससाठी अडलंय.

जुनं पान:
मग जानेवारीत तुमच्याकडे नऊला उजाडेल. शाळेची बस सातला.

सिअॅटलकर:
मग शाळा उशिरा भरवा. शाळेची वेळ बदलणं आपल्या हातात आहे, सूर्य नाही.

एडिसनकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशींना पाचचं विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या, आम्हीच उगाच संकोच करत होतो. पंधरा मिनिटांचं आजपासून चालू करते, दुपारच्या झोपेचं डेकेअरला कळवलंय. गोळ्यांचं फार्मासिस्टला विचारलं, त्यांनी सकाळी सहाच धरायला सांगितलंय, म्हणजे सासूबाईंच्या घड्याळावर साडेतीन. त्यांनी स्वतःच कागदावर मोठ्या आकड्यात लिहून डब्यावर चिकटवलं.
एक राहिलं, त्यांची संकष्टी असते. हातात सांगलीचं पंचांग आहे, चंद्रोदय कसा धरायचा?

नेपरव्हिलचा बाबा:
सांगलीची वेळ इथे चालत नाही, ताईंनो, साडेनऊ तास वजा करूनसुद्धा नाही. चंद्र ज्या गावात बघायचा त्या गावचा उदय धरतात. ऑनलाइन पंचांगात शहर एडिसन टाका, आणि खाली डीएसटी (ही उन्हाळ्याची तासभर पुढची वेळ) धरलंय की नाही ते वाचा, काही छापील तक्त्यांत धरलेलं नसतं, मग एक तास मिळवायचा. आणि उन्हाळ्यात चंद्रोदय रात्री दहा-अकराच्या पुढे जातो हे त्यांना आधीच सांगा, बीपीची गोळी असताना तेवढा वेळ उपाशी राहायचं का हे डॉक्टरांना विचारून घ्या.