आधी सांगाडा, मग घडणी

भूमितीत घनासारखे त्रिमितीय आकार शिकवताना खोके उलगडून घडणी (म्हणजे दुमडल्यावर ज्यांचा आकार तयार होतो त्या सपाट आकृत्या) दाखवाव्यात, असं सुचवलं जातं. सूचना चांगलीच आहे, पण त्याआधी मुलांच्या हातून आकाराचा सांगाडा उभा राहायला हवा. मी पांढरे वाटाणे रात्रभर भिजत घालते आणि सोबत टूथपिक देते. आठ वाटाणे आणि बारा काड्या लागल्या की घन तयार होतो. शिरोबिंदू (कोपरे) आणि कडा किती, हे पाठ करून घ्याव्याच लागत नाहीत, कारण वाटाणे आणि काड्या मोजूनच हातात घेतलेल्या असतात.

घनाला वरून बोटाने हलकं ढकलायला सांगा. तो तिरका होतो. चार वाटाणे आणि सहा काड्यांचा चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) मात्र ढिम्म हलत नाही! मग घनाच्या चौकोनात तिरकी काडी घालायचा प्रयत्न होतो, पण तेवढीच लांब काडी तिथे पुरत नाही. इथे घाईने उत्तर सांगू नका. थोडी खटपट केल्यावर मुलं स्वतःच उदबत्तीची काडी हव्या त्या मापाने मोडून बसवतात. दोन दिवसांत वाटाणे वाळून आक्रसतात आणि काड्या घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे मॉडेल टिकतं. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून हेच केलं आहे. तेही जरूर करून बघा.

घडणी त्यानंतर घ्या. सहा चौरस कडेला कडा लावून 35 प्रकारे जोडता येतात, त्यांतल्या फक्त 11 रचनांचा घन होतो. चौकटीच्या वहीचा कागद द्या आणि त्या रचना मुलांनाच शोधू द्या.