देवराईत नेमाने बसायचंय: रीत काय, आणि आतून उमटलेलं ओळखायचं कसं?

पाणवठा (प्रश्न; ही आणि पुढची शीर्षकं लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

पुण्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावरच्या एका देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, महिन्यातून एकदा जाऊन बसायचा नेम करायचा आहे. भटकंती किंवा फोटो हा हेतू नाही. झाड, दगड, झरा, वाघ यांना 'कुणीतरी' मानायची आपली जुनी रीत आहे, तिच्या आधाराने एका जागेशी नातं जुळावं एवढीच इच्छा आहे. तिथे बाहेरच्या माणसाने कसं वागावं? तासभर नेमकं काय करायचं? आणि आतून काही उमटलं, तर ते त्या जागेचं आहे की माझ्याच मनाचे खेळ, हे कशावरून ठरवायचं?

---

घाटमाथा

आधी रीत. देवराईला धनी असतो: देव, आणि देवाच्या वतीने गाव. म्हणून पहिल्या खेपेला थेट आत शिरू नका. गुरवाला किंवा जो पूजा करतो त्याला भेटा. नारळ, विड्याची पानं, सुपारी एवढं पुरे. गाऱ्हाणं घालताना तुमचं नाव, गाव आणि कशासाठी आलात हे देवापुढे मोठ्याने सांगितलं जातं. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण हेतू दुसऱ्या माणसासमोर एका वाक्यात मांडता आला नाही, तर तो अजून पक्का झालेला नाही असं समजावं.

नियम प्रत्येक राईचे वेगळे. कुठे चपला हद्दीबाहेर, कुठे बायकांना ठरावीक जागेपुढे मनाई, कुठे अमुक वारी कुणीच आत जात नाही. नियम पटत नसेल तर दुसरी राई निवडा, तिथे जाऊन तो मोडू नका. पडलेलं पान, काटकी, बी, पीस यांतलं काहीही घरी आणायचं नाही. 1970च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी देवरायांचा अभ्यास केला, तेव्हाही सुका पाचोळासुद्धा न उचलण्याचा दंडक त्यांनी नोंदवला होता. पाचोळा कुजतो, जमीन भुसभुशीत राहते, पावसाचं पाणी मुरतं आणि राईखालचा झरा उन्हाळ्यात टिकतो. मावळात आजिवलीच्या राईत भेरली माडाची (ताडाच्या जातीचं झाड) माडी काढतात, पण तो गावाचा ठरलेला हक्क आहे. पाहुण्याला ती सूट नाही.

अगरबत्ती-कापूर आत लावू नका. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत पाचोळा पेटायला एक ठिणगी पुरते. नायलॉनचा धागा खोडाला बांधला तर खोड जाड होताना तो सालीत रुततो. आणि भक्तीपोटी झाडाला खिळा ठोकून घंटा टांगू नका.

---

भेकर

तासभर काय करायचं याबद्दल. जागा एकच ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा. मूर्तीपासून थोडं लांब, पाणी ऐकू येईल पण दिसणार नाही अशी. पाठीशी जाड खोड, डोक्यावर सुकी फांदी नाही, बसण्याआधी मुळांच्या बेचक्यात काठीने चाळवून घेतलेलं. पाण्याच्या अगदी काठावर बसलात तर जनावरं पाण्यावर यायची थांबतात, आणि लोक नेमकी हीच चूक करतात.

सूर्योदयानंतरचा दीड तास उत्तम. सूर्यास्ताआधी बाहेर पडा. मान म्हणून तर खरंच, पण बिबट्याची वेळही तीच. मोबाईल बंद, अत्तर नको, मातकट रंगाचे कपडे.

बसल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं राई तुमच्यामुळे गप्प असते. बहुतेकांना याच वेळात 'गूढ शांतता' जाणवते आणि ते समाधानाने उठतात. ती शांतता म्हणजे तुमच्याबद्दलची भीती आहे! ती सरेपर्यंत थांबा. शेकरू पुन्हा बोलू लागलं, बुलबुल खालच्या फांद्यांवर उतरले, की खरी बैठक सुरू झाली. पुढची चाळीस मिनिटं दर दहा मिनिटांनी एकच इंद्रिय घ्या: आधी कान, मग नाक, मग कातडीवरचा वारा, शेवटी डोळे. डोळे शेवटी, कारण ते आधी उघडले की बाकीचं झाकून टाकतात.

आता मनाचा खेळ. छातीत अचानक धस्स झालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. पुष्कळदा कानाने वानराचा खकर (धोक्याचा इशारा) किंवा भेकराचं भुंकणं टिपलेलं असतं आणि मनाला ते उशिरा कळतं. यासाठी साधी वही ठेवा. जाणवलं ते आधी लिहायचं, पडताळा नंतर घ्यायचा. 'डावीकडून काहीतरी येतंय', 'वारा फिरणार', 'आज झऱ्याचा आवाज पातळ आहे'. वेळ टाका. खरं ठरलं की टिंब, चुकलं की फुली. फुल्या खोडू नका. सहा महिन्यांत कळतं की कोणत्या प्रकारची जाणीव तुमच्याकडे खरी उतरते. ज्याचा पडताळाच घेता येत नाही, जसं 'या झाडाने मला नोकरी सोडायला सांगितलं', ते सरळ आपल्या मनाच्या खात्यावर मांडावं.

---

राखणदार

भेकर यांच्या वहीला आपल्याकडे जुनं भावंड आहे: कौल. दक्षिण कोकणात देवाला ओल्या पाकळ्या किंवा पानाचे तुकडे चिकटवतात आणि गुरव प्रश्न घालतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तिथली शिस्त बघा. प्रश्न हो-नाही अशाच उत्तराचा. तो चारचौघांत विचारलेला. आणि नको ते उत्तर आलं म्हणून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा नाही. थोडक्यात, विचारणाऱ्याची इच्छा उत्तरात घुसू नये याची सोय. एकट्याने बसून 'मला आतून वाटलं' म्हणण्यात नेमकी तीच सोय नसते. म्हणून जागेबद्दल काही करावंसं वाटलं, ओटा बांधावा, रोपं लावावीत, तर ते गावासमोर ठेवा. स्वतः ठरवू नका.

---

पाणवठा

खूप उपयोगी. रोपं लावायचा विचार होताच, बरं झालं लिहिलंत. मग श्रमाने काहीच देता येणार नाही का? आणि पावसाळ्यात जाता येत नाही, त्या महिन्यांत काय करावं?

---

घाटमाथा

देता येईल, गावाने होकार दिला तर. राईच्या आत लावू नका. तिथे धनेश पक्षी आणि वानरं बी टाकतात, ते काम त्यांच्यावर सोडा. बाहेरून आणलेला गुलमोहर किंवा गिरिपुष्प तर नकोच. खरं काम कडेला आहे. उजेड मिळाला की रानमोडी आणि घाणेरी ही माजणारी झुडपं तिथूनच आत सरकतात. रानमोडी ऑगस्ट-सप्टेंबरात (तेव्हा जाता आलं तर), माती ओली असताना आणि फुलण्याआधी मुळासकट उपटा. फुलोऱ्यानंतर उपटलीत तर बी तुम्हीच पसरवाल. घाणेरी वरवर छाटली की दुपटीने फुटते. तिचं मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडून झुडूप उलटं टांगून वाळवायचं. एका दिवसात दहा-बारा हातांच्या पट्ट्यापेक्षा जास्त उघडं करू नका, नाहीतर कडेच्या झाडांना ऊन लागतं.

जांभळाची रोपं करायची तर बी गावाच्या हद्दीतलंच, राईबाहेरचं घ्या. जूनमध्ये गर धुऊन पंधरवड्याच्या आत पेरा, वाळलं की उगवत नाही. हिरडा-बेहड्याला धीर लागतो, टणक कवच भिजवावं लागतं.

---

भेकर

पावसाळ्यात घराजवळचा उंबर धरा. जागा एकच, वही तीच. पालघर-डहाणूकडे वारली लोक पावसाच्या सुरुवातीची रानभाजी आधी देवाला दाखवतात आणि मगच खातात. तसं एक बंधन स्वतःला घाला: आपल्या उंबराच्या परिसरातली एक रानभाजी निवडा आणि ती तिथे पुरेशी वाढलेली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बाजारातूनही घ्यायची नाही. ती उगवली कधी, कोवळी किती दिवस राहिली, पहिली कीड कधी लागली, हे वहीत येऊ द्या. दसऱ्यानंतर राईत परत जाल तेव्हा पहिल्या बैठकीत काही लिहू नका, नुसतं ऐका. पाऊस संपल्यावर झऱ्याचा सूर बदललेला असतो, आणि मागच्या उन्हाळ्यातला सूर लक्षात आहे का ते तिथेच कळेल.