१५ वर्षांखालची अकादमी: उंची झपाट्यानं वाढते तेव्हा सराव आणि निवड कशी करावी? सल्ला हवा

बालेवाडीकर

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका व्यावसायिक क्लबच्या अकादमीत १५ वर्षांखालच्या संघाचं काम बघतो. २६ मुलं आहेत, निम्मी वसतिगृहात, निम्मी घरून येणारी. आठवड्यात चार सत्रं आणि रविवारी सामना. फिजिओ आठवड्यातून दोनच दिवस येतात, जीपीएस वगैरे काही नाही.

अडचणी तीन. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतं म्हणून दर आठवड्याला चार-पाच मुलं बाहेर बसतात. पावसाळ्यात डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या) शालेय स्पर्धा सुरू झाल्या की हीच मुलं शाळेकडूनही खेळतात. आणि मार्चमध्ये कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं हे ठरवायचं आहे. 'सोडायच्या' कच्च्या यादीतली जवळजवळ सगळी मुलं बुटकी आहेत, हे मला पटत नाहीये. काय मोजावं, काय कमी करावं, नेमकं सांगा.

फिजिओताई

सुरुवात उंचीपट्टीपासून करा. मुलांमध्ये उंची सगळ्यात वेगानं वाढते ती सरासरी साडेतेरा-चौदाच्या आसपास, पण एखाद्याची बाराव्या वर्षीच वाढते आणि एखाद्याची सोळाव्याला. म्हणजे तुमच्या २६ जणांत जन्मसाल एक असलं तरी शरीरानं चार वर्षांचा फरक असू शकतो.

सगळ्यांना दर तीन महिन्यांनी मोजा. सकाळी, नाश्त्याआधी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, आणि दर वेळी मोजणारा माणूस तोच हवा. संध्याकाळपर्यंत उंची सेंटीमीटरभर कमी भरते, म्हणून एकदा सकाळी आणि पुढच्या वेळी सरावानंतर मोजलं तर आकडे फुकट. दोनदा मोजा, दोन आकड्यांत ४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. सोबत वजन आणि स्टुलावर बसवून बसकी उंची. पाय आधी वाढतात, धड मागून, त्यामुळे बसकी उंची तशीच आणि एकूण वाढलेली दिसली तर वाढ सुरू झाली समजा.

तीन महिन्यांत १.८ सेंटीमीटर किंवा जास्त वाढ, म्हणजे वर्षाला सातच्या वर वेग, दिसला की त्या नावापुढे लाल खूण. त्या मुलाला पुढे दर सहा आठवड्यांनी मोजा. दर महिन्याला मोजू नका. मोजण्यातली चूकच तीन-चार मिलिमीटर असते, त्यात खरी वाढ कळत नाही.

लाल खूण असेपर्यंत उड्या, जोरात धावून झटक्यात थांबणं आणि लांबून मारलेले शॉट साधारण एक तृतीयांश कमी. बॉलवरचं काम तसंच चालू ठेवा.

शाहू_स्टेडियम

ताईंचं बरोबर. पण लाल खूण केलेला मुलगा शाळेकडून लागोपाठ दोन दिवस खेळून आला तर तुम्ही कमी केलेलं सगळं भरून निघतं. त्यासाठी जीपीएस लागत नाही, वही लागते.

सत्र संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येकाला एकट्याला विचारा: ० ते १० मध्ये किती दमलास? आकडा गुणिले मिनिटं. चारचौघांत विचारलं की सगळे पहिल्या मुलाचाच आकडा सांगतात, म्हणून एकेकट्याला.

तुमचा साधा आठवडा असा धरू. मंगळवारी ७५ मिनिटं, आकडा ५, म्हणजे ३७५. बुधवारी ७५ गुणिले ७, ५२५. गुरुवारी ८० गुणिले ६, ४८०. शनिवारी ५० गुणिले ३, १५०. रविवारी ८० मिनिटांचा सामना, आकडा ८, ६४०. एकूण २१७०. त्यात शाळेचे ५० मिनिटांचे दोन सामने आले, दोन्हीला ८, तर आणखी ८००. एकदम २९७०, म्हणजे सदतीस टक्के उडी. बुधवार-गुरुवार काढून टाका, १९६५ वर येतं. आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीवर पंधरा-वीस टक्क्यांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, इतकंच धोरण ठेवा.

डीएसओमध्ये १४ आणि १७ वर्षांखालचे गट असतात, त्यामुळे तुमचा पंधरा वर्षांचा मुलगा शाळेकडून सतरा वर्षांच्यांशी टक्कर घेतो. तिथल्या पन्नास मिनिटांचा आकडा ९ सुद्धा येऊ शकतो, तो मुलाकडूनच घ्या, आपल्या मनानं लिहू नका.

कोल्हापूरकडची मुलं असतील तर तालमीचे, म्हणजे तिथल्या पेठांच्या फुटबॉल संघांचे, सामनेही विचारा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांचा सामना म्हणजे गावाची इज्जत. सुट्टीत घरी गेलेला मुलगा पेठेतल्या स्पर्धेत उतरणार नाही असं धरू नका. बंदी घातली तर खेळेल आणि लपवेल. त्यापेक्षा वहीत लिहून घ्या आणि त्याचा मंगळवार हलका करा.

डावा_पाय

तालमीबद्दल असहमत. लाल खूण असलेल्या मुलाला तरी स्पष्ट नाही म्हणायला हवं, आणि ते पालकांसमोर बसून, कारण सांगून. बाकीच्यांना वही ठीक आहे.

उंची वाढताना मुलाचा टच, म्हणजे बॉलवरचा ताबा, बिघडतो त्याबद्दल: पाय लांब झालेत, आणि बॉल कुठे येईल हा त्याचा अंदाज जुन्या पायांचा आहे. या काळात नवीन कौशल्य लादू नका. रोज १०-१२ मिनिटं भिंतीवर दोन्ही पायांनी पास, पाच मीटरवरून, मग आठ. पहिला स्पर्श बॉलपासून लांबच्या पायानं, अंग उघडं ठेवून. मिडफिल्डरला बॉल येण्याआधीच्या दहा सेकंदांत दोनदा मान वळवून मागे बघायला लावा. सामन्यात दहा मिनिटं फक्त त्याच्या मानेकडे बघा आणि मोजा. उंची वाढताना वेग आणि वळण काही काळ बिघडू शकतं, पण बघणं जात नाही. ते या सहा-आठ महिन्यांत पक्कं झालं तर पाय जागेवर आल्यावर तो मुलगा वेगळाच दिसतो.

बुधवारी चार-चार जणांचा खेळ ठेवत असाल तर २५ गुणिले २० मीटर, चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. हे छोटं मैदान म्हणजे सतत थांबणं-वळणं, गुडघ्याला सगळ्यात महाग. लाल खुणेची मुलं तिथे दोनच डाव खेळोत, उरलेले दोन डाव रेषेबाहेर उभं राहून पास परत देणारे भिडू म्हणून.

फिजिओताई

दुखण्याबद्दल राहिलं होतं.

गुडघ्याच्या वाटीखाली जिथे हाडाचा उंचवटा असतो तिथे बोटानं दाबल्यावर दुखतं, ते बहुतेक ऑसगुड-श्लॅटर. टाचेच्या मागे दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखतं, ते सेव्हर्स; ते थोडं लहान वयात, नऊ ते तेराच्या दरम्यान जास्त. दोन्हीत वाढणाऱ्या हाडाच्या मऊ भागावर स्नायूचा ताण येतो. पूर्ण बसवून ठेवायची गरज सहसा नसते. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेलं असेल तर खेळू द्या. चार किंवा जास्त झालं किंवा सकाळी जिना उतरताना दुखलं तर आठवडाभर उड्या आणि शॉट बंद, बाकी चालू. गुडघ्यासाठी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, ३०-४५ सेकंद, पाच वेळा. टाचेसाठी बुटात सहा ते दहा मिलिमीटरचा जेल पॅड, दोन्ही पायांत.

आणि बूट बघा. ऑक्टोबरनंतर मैदान वाळून दगड होतं आणि मुलं पावसाळ्यातले लांब स्टडचे बूट घालून त्यावर धावतात. कडक मैदानावर आखूड रबरी स्टडचे टर्फ बूट. टाचेच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला तिथे दिसतं.

चार गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. शॉट मारताना जांघेच्या वर 'कट' आवाज येऊन मुलगा खाली बसला तर तो स्नायू ताणला म्हणून बर्फ लावून सोडू नका. या वयात स्नायूऐवजी हाडाचा तुकडा निघू शकतो, त्याच दिवशी एक्स-रे. जांघेत किंवा मांडीत दुखून मुलगा लंगडत असेल तर खुब्याचा एक्स-रे, गुडघ्यात दुखतं म्हणाला तरीही, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. कमरेत एका बाजूला, मागे वाकल्यावर दुखणं दोन आठवडे टिकलं तर खेळ बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ. मणक्याला बारीक तडा असू शकतो. आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कुठलंही असो.

कूपरेज_पश्चिम

निवडीचं बोलतो, कारण नुकसान तिथे भरून येत नाही.

प्रौढ उंचीचा अंदाज काढा. वडिलांची उंची अधिक आईची उंची अधिक १३, भागिले दोन. समजा दोन मुलं एकाच महिन्यात जन्मलेली. पहिल्याचे वडील १७८, आई १६३, अंदाज १७७. मुलगा आजच १७० आहे, म्हणजे ९६ टक्के. दुसऱ्याचे वडील १६८, आई १५४, अंदाज १६७.५, मुलगा १४८, म्हणजे ८८ टक्के. पहिल्याची वाढ संपत आलीय, दुसऱ्याला अजून एकोणीस-वीस सेंटीमीटर मिळायचेत. हेडर, खांद्याची टक्कर, तीस मीटरची धाव, यात पहिला जिंकणारच. त्यावरून गुण दिले तर तुम्ही फुटबॉल मोजत नाही, वाढ मोजता.

या सूत्रात दोन्हीकडे आठेक सेंटीमीटर चूक धरा, म्हणून त्यावर कोणाला काढू नका, फक्त गट पाडा. पालकांना उंची विचारू नका, पालकसभेला पट्टीवर उभं करा. वडील दोन-तीन सेंटीमीटर वाढवूनच सांगतात. खामिस-रोश हे जास्त वापरलं जाणारं सूत्र अमेरिकन मुलांवर बेतलेलं आहे, आपल्याकडे तेही जपूनच.

महिन्यातून एक सामना जन्मसालानं न लावता या टक्क्यांनी लावा: ८५ ते ९० एकत्र, ९० ते ९५ एकत्र. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी २०१५ पासून अशा स्पर्धा घेतल्या. बुटक्या मुलाला त्यात बॉल मिळतो आणि तो नेतृत्व करतो का ते दिसतं. लवकर वाढलेल्याला शक्ती चालत नाही तेव्हा डोकं चालतं का तेही दिसतं. दुसरी बाब पहिलीइतकीच मोलाची, कारण सोळाव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात आणि तोवर त्याला दुसरं काही शिकवलेलं नसतं.

फ्रेंच खेळाडू ग्रीझमनला फ्रान्समधल्या क्लबांनी उंचीसाठी परत पाठवलं आणि स्पेनच्या रेआल सोसिएदादनं घेतलं. तशी मुलं आपल्याकडेही असणार, पण आपल्याकडून सुटलेल्याला दुसरा दरवाजा बहुधा नसतो.

जन्मतारखांची यादीही करा. जानेवारी ते मार्चचे, म्हणजे त्याच जन्मसालात वयानं मोठे, निम्म्याहून जास्त निघाले तर निवड चाचणीतच गडबड आहे. १ जून ही तारीख खूप दिसली तर जन्मनोंदणी कधी झाली ते बघा. मनगटाच्या एक्स-रेची टीडब्ल्यू३ चाचणी एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) वयोगट स्पर्धांत वापरतात, पण ती हाडांचं वय सांगते. लवकर वाढलेला खरा तेरा वर्षांचा मुलगाही तिथे अडकू शकतो.

दूधभाकरी

वसतिगृहाच्या जेवणाबद्दल थोडक्यात. ४५ किलोच्या वाढत्या मुलाला दिवसाला ५५ ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन ग्लास दूध १६, दोन अंडी १२, वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ ८, दोन वाट्या वरण १२, चार पोळ्या १२, मूठभर शेंगदाणे ७. झाले ६७. अंडी न खाणाऱ्याला ५०-६० ग्रॅम पनीर. वरण म्हणजे घट्ट वरण, पाणी नव्हे. संध्याकाळच्या सत्रानंतर चहा-बिस्किट बंद करा, दूध-केळं आणि तासाभरात जेवण. उपवास करणाऱ्या मुलाला नुसती साबुदाणा खिचडी पुरत नाही, राजगिरा, दाणे, दूध-दही सोबत द्या. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासा. धाप लागणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी तरी नक्कीच.

बालेवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, वही आजच सुरू करतो. दोन प्रश्न. वजनं उचलायला लावायची की या वयात नको? आणि मार्चची यादी पुढे ढकलता येत नाही, व्यवस्थापनाला काय दाखवू?

फिजिओताई

वजनानं उंची खुंटते ही भीती सोडा. आठवड्यात दोनदा, २५ मिनिटं. एक पाय पुढे ठेवून स्क्वॉट, काठी पाठीला लावून कमरेतून वाकणं, जोर, एका पायावर टाच उचलणं. नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कोणी धरून, हळूहळू पुढे झुकणं) सुरुवातीला दोन सेट, तीन ते पाच वेळाच. पहिल्या दिवशी दहा करायला लावलं तर मुलं दोन दिवस चालू शकत नाहीत आणि पुन्हा करत नाहीत. जांघेसाठी कोपनहेगन, म्हणजे कुशीवर होऊन वरचा गुडघा बाकावर टेकवून अंग उचलणं, दोन्ही बाजूंना सहा-सहा. हे सहा आठवडे नीट जमलं की डंबेल.

सत्राआधी फिफा ११+ हा दुखापती टाळण्याचा वॉर्म-अप करत असाल तर आठवड्यात किमान दोनदा पूर्ण वीस मिनिटं. सामन्याआधी फक्त धावण्याचे पहिला आणि तिसरा भाग. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात ते कोणी थांबवत नाही, आणि मग त्या वीस मिनिटांचा उपयोग होत नाही. एक सहायक फक्त गुडघे बघायला उभा करा.

कूपरेज_पश्चिम

व्यवस्थापनाला एकच पान द्या. नाव, जन्मतारीख, प्रौढ उंचीचे टक्के, मागच्या सहा महिन्यांतली वाढ, दुखापतीनं गेलेले दिवस, आणि टक्क्यांनी लावलेल्या सामन्यांतले गुण वेगळ्या रकान्यात. जन्मसालाच्या सामन्यांतले गुण शेजारी ठेवा, फरक बोलतो.

पैशाची भाषाही ठेवा. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली तर रकमेच्या ५ टक्के घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला ०.२५ टक्के, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. ते मिळतात नोंदणीवरून, त्यामुळे मुलगा ज्या वर्षी तुमच्याकडे आहे त्या वर्षी एआयएफएफच्या सीआरएसमध्ये (खेळाडूंच्या केंद्रीय नोंदणीत) तुमच्या नावावर हवाच.

आणि यादीत तीन रकाने करा: ठेवायचे, सोडायचे, आणि 'सप्टेंबरमध्ये पुन्हा'. लाल खूण असलेला किंवा ९० टक्क्यांखालचा एकही मुलगा दुसऱ्या रकान्यात जाऊ देऊ नका. वसतिगृहाच्या जागा कमी असतील तर त्याला घरून येणाऱ्यांत ठेवा, आठवड्यात दोन सत्रं द्या, पण नोंदणी आणि उंचीची वही चालू राहू द्या. ज्यांना खरंच सोडायचं त्यांच्यात दहावीचा कोणी असेल तर परीक्षा संपल्यावरच सांगा, आई-वडिलांना समोर बसवून, आणि पुढे कुठल्या क्लबात चाचणी देता येईल ते लिहून हातात द्या.