इको-सॉल्व्हंट मशीनला यूपीएस किती केव्हीएचा घ्यावा? दोन डीलर दोन तऱ्हा

बॅनरवाला
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात छोटं दुकान आहे, बॅनर छापायचं सहा फुटी इको-सॉल्व्हंट (सौम्य सॉल्व्हंट शाईचं) मशीन, एक्सपी ६०० चे दोन हेड, म्हणजे शाई फवारणारे भाग. लाईटीचा आमच्याकडं काही नेम नाही आणि गणपती तोंडावर आलेत. परवा ५ बाय १२ चा वाढदिवसाचा बॅनर चालू होता, शेवटचे दोन फूट राहिले आणि लाईट गेली, भाऊंचा फोटो हनुवटीपर्यंतच. मीडिया (छापायचं कापड-व्हिनाइल) गेला तो गेला, वर हेड मधेच उघडं राहिलं, त्याचं टेन्शन वेगळं. सध्या घरचा इन्व्हर्टर आहे, त्यावर मशीन चालतं पण लाईट जाताना रीस्टार्ट मारतं. एक डीलर म्हणतो १० केव्हीए (यूपीएसची ताकद) घ्या, दुसरा म्हणतो ३ मध्ये भागेल. मशीनच्या पाटीवर ३.५ किलोवॅट लिहिलंय. नक्की कोण गंडवतंय?

जुना_सॉल्व्हंट
दादा पाटीवरचा आकडा शाई वाळवणाऱ्या हीटरसकट असतो. मशीनच्या मागं बघा, बहुतेक दोन पॉवर केबल असतील, एक मशीनची आणि एक हीटर-ड्रायरची. मी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजायचा) लावला होता तेव्हा मशीनची केबल जेमतेम अडीच अँपिअर ओढत होती आणि हीटरची ११ च्या वर. म्हणजे खाणारा हीटर आहे. तो डायरेक्ट लाईटीवर ठेवा, यूपीएसवर फक्त मशीन आणि आरआयपीचा (डिझाइन मशीनला छापायला पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कॉम्प्युटर, दोन्ही मिळून ८०० वॅट धरा, ३ केव्हीए आरामात पुरतो. लाईट गेली तरी मीडियाखालचा हीटरचा पत्रा थोडा वेळ गरम राहतो, चालू प्रिंट निघून जाते, फक्त टेक-अपवर (छापलेला माल गुंडाळणाऱ्या रोलवर) गुंडाळू नका, लोंबू द्या, नाहीतर ओली शाई मागच्या बाजूला उमटते.
पण यूपीएस घ्यायचा तर ‘ऑनलाइन’ प्रकारचाच, म्हणजे लाईट असतानाही मशीनला कायम स्वतःच्या इन्व्हर्टरमधूनच वीज देणारा. इन्व्हर्टर लाईटीवरून बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंद खातो, ट्यूबला कळत नाही पण मशीनच्या सर्किट बोर्डाला कळतं. ऑनलाइनमध्ये तो बदलच नसतो. बॅटरी १२ व्होल्ट २६ एएचच्या ८ टाकल्या तर कागदावर तीन तास निघतात, हातात दीड-पावणेदोन धरा, जुन्या झाल्या की अजून कमी.
आणि हो, लॅमिनेशन मशीन, एसी, कॉम्प्रेसर चुकूनसुद्धा त्यावर लावू नका. पोरं रिकामं सॉकेट दिसलं की लावतात.

वायरमन_काका
केव्हीए राहू द्या बाजूला, आधी अर्थिंग बघा. मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा, २-३ च्या वर गेलं तर यूपीएस लावून पण हेडबोर्ड (हेड चालवणारा सर्किट बोर्ड) जाणार. व्हिनाइल फिरताना स्टॅटिक तयार होतं, त्याला बाहेर जायला वाट लागते. आणि कॉम्प्युटर एका लाईनवर, मशीन दुसऱ्या लाईनवर असं करू नका, दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की यूएसबी केबलमधून करंट फिरतो, मग मेनबोर्ड बदला.

दहाफुटी
आमचं सॉल्व्हंट फ्लेक्स मशीन आहे, तिथं वेगळीच भानगड. निगेटिव्ह प्रेशरचा (शाई हेडमध्ये ओढून धरणारा) पंप बंद पडला की शाई हेडमधून खाली ठिबकायला लागते, म्हणून आम्ही बाकी काही नाही पण पंप आणि कंट्रोल बॅटरीवर ठेवलेत, मोठ्या कामाला जनरेटर. जनरेटर घेणार असाल तर यूपीएसच्या दीडपट-दुप्पट घ्या. छोटा घेतला तर हीटर ऑन झाला की फ्रिक्वेन्सी डगमगते, यूपीएसला ती लाईट पटत नाही, जनरेटर चालू असून बॅटरी संपते. हे आम्ही स्वतःच्या पैशानं शिकलोय.
तुमच्या मशीनला सांगायचं तर, यूपीएस येईपर्यंत लाईट गेली की कॅरेज (हेड बसवलेला सरकता भाग) हातानं हळूच पार्किंगला, कॅपिंगवर म्हणजे हेड झाकणाऱ्या टोपीवर नेऊन बसवा. हेड तासभर उघडं राहिलं की नोझल (शाईची बारीक छिद्रं) सुकलेच.

बॅनरवाला
कॅरेजचं माहीतच नव्हतं, आम्ही लाईट यायची वाट बघत चहा प्यायचो. केबल दोन आहेत, बघितलं. अर्थिंग पण मोजलं, १४ व्होल्ट दाखवतंय.

वायरमन_काका
१४? मग डीलरला आठ दिवस थांबवा. मशीन आणि कॉम्प्युटर दोघांसाठी मिळून अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा घ्या, मीठ-कोळसा भरा आणि उन्हाळ्यात पाणी घालत जा. खणायच्या आधी नळाची लाईन कुठून गेलीय ते मालकाला विचारा म्हणजे झालं.